नळ आले

आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात
सण लाल शाईत असतात, पाणी पेन्सिलीत.
पेन्सिलीत, कारण ते सरकतं.
आठवा दिवस नववा होतो,
नवव्याला कुठंतरी मेन लाइन फुटते,
आणि व्हॉल्व्हवाले मगरे फोन उचलत नाहीत.

मी सोनोग्राफी सेंटरवर बसते.
येणाऱ्या प्रत्येकीला सांगते,
लीटरभर पाणी पिऊन बसा, ताई, रोखून धरा,
नंबर आला की बोलावते.
बाया पितात. मी बघते.
कूलरची तोटी गळते,
तिच्याखाली मी माझी बाटली लावून ठेवते. सवय.

येताना मुद्दाम शहागंजावरून येते.
गाडीला लांब पडतं, नाकाला नाही.
भट्टीतून निघालेले नान, वरून हळद-गुळाचा हात,
त्या पिवळ्या चळतीची वाफ
हेल्मेटच्या काचेखालून आत शिरते.
मागचा हॉर्न देतो. देऊ दे.
दोन नान घेते. घरी एक पोचतो.

मग गल्ली. तोंडाशीच खड्डा,
खड्ड्यात दगड, दगडात खोवलेली लिंबाची फांदी,
म्हणजे महानगरपालिकेला माहीत आहे.
आणि माझ्या फाटकात आडवी
वरच्या तुपेंची ॲक्टिव्हा.
चार महिने झाले, मी बोलत नाही, ते हलवत नाहीत.
या शहरात माझ्यासाठी एवढंच काय ते नियमित.

काल रात्री पावणेतीनला नळ खोकला.
आधी कोरडा, मग घशात घरघर,
मग अर्धा मिनिट गढूळ,
मग,
"नळ आले! ओ सोनकांबळेबाई, नळ आले बगा!"
पलीकडून नुसरत आपा, "उठो भाभी, पानी आया!"
पाच मिनिटांत गल्ली अशी जागी
जशी वऱ्हाडाची बस दारात लागावी.
टाक्यांची झाकणं, ढिले पाइप, ट्यूबच्या पट्ट्या,
गॅलरीत बनियन, अंगणात मॅक्सी,
आणि सगळ्यांच्या मोटारी एकदम.
माझी धार दोऱ्याएवढी झाली.
तुपेंची दीड हॉर्सपॉवर
शब्दशः माझ्या तोंडचं पाणी पळवत होती.

मग लाइट गेली.
मोटारी एका दमात मुक्या.
पाणी शेवटी पाणीच, उताराला लागलं,
आणि आख्ख्या गल्लीत सगळ्यात खोल नळ माझा.
आधी बोटभर, मग मनगटाएवढी धार.

तुपे जिना उतरले. दोन्ही हातांत घागरी,
दातांत मोबाइल, त्याची बॅटरी चालू,
त्यामुळं बोलण्याचा प्रश्न आला नाही.
मी सरकले. त्यांनी घागर लावली.
आपांची सून आली, घुग्यांचा पोरगा पातेलं घेऊन आला,
कुणीतरी चहाचं आधण ठेवलं, ताज्या पाण्याचं.
"आठ दिवसांची चव नाही राव याला,"
घुगे म्हणाले, आणि पुन्हा कप पुढं केला.

पाचपर्यंत टाकी भरली, पिंप भरलं,
बादल्या, कुकर, डब्याचे तिन्ही पुडे,
शेवटी फुलदाणीसुद्धा.
सगळे गेल्यावर
मी एक तांब्या नुसताच पायांवर ओतला.
पुन्हा एक. कुणी बघत नव्हतं.

सकाळी ॲक्टिव्हा तिथंच होती.
फक्त हँडल दुसरीकडं वळवलेलं,
माझी गाडी निघेल, घासून, पण निघेल एवढं.
आरशाला धक्का न लावता काढली.
कॅलेंडरावर खूण करायची राहिलीच.
पुढचा बुधवार, बहुतेक. नाहीतर गुरुवार.
सेंटरवर नऊची बाई आधीच येऊन बसलेली,
ओठ कोरडे, हातात रिकामा ग्लास.
लीटरभर, मी म्हटलं. सावकाश प्या.